पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला पोरगा फ्रेडी मर्क्युरी झाला, पण मनातली एक गोष्ट त्याला फक्त गाण्यातूनच सांगता आली

मॅच कुठलीही असो. फुटबॉलची फायनल असो, क्रिकेटचा कप असो नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगमधली रस्सीखेच. जिंकलेल्या टीमनं ट्रॉफी उचलली की मागून एक इंग्रजी गाणं हमखास वाजतं, 'वी आर द चॅम्पियन्स'. बाकीचे शब्द येवोत न येवोत, तेवढी ओळ मात्र सगळे बेंबीच्या देठापासून ओरडतात.

हे गाणं लिहिणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या साताऱ्यातल्या पाचगणीत शिकला, हे आता बऱ्याच जणांना माहिती आहे. तो गे होता, हेही माहिती आहे.

पण या दोन गोष्टींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. जे त्याला लोकांसमोर कधी स्पष्ट बोलता आलं नाही, ते तो जगातल्या मोठमोठ्या स्टेडियममध्ये उभा राहून गायला. आणि गे माणूस शेजारी राहायला आला तर ज्यांनी घर बदललं असतं, अशा लोकांनीही त्याच्या सुरात सूर मिसळला.

हे नेमकं कसं जमलं? त्यासाठी सुरवातीपासून सुरवात करायला लागेल.

५ सप्टेंबर १९४६. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबार नावाचं बेट आहे. तिथल्या स्टोन टाऊनमध्ये बोमी आणि जेर बलसारा या पारशी जोडप्याला मुलगा झाला. नाव ठेवलं फारोख. आडनावावरून ओळखलं असेल, घराणं मूळचं गुजरातमधल्या बलसाडचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. घरात खाऊन पिऊन सुखी परिस्थिती आणि पारशी धर्माचं वातावरण.

पोराला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी मोठा निर्णय घेतला. आठ वर्षांच्या फारोखला बोटीत बसवून मुंबईला पाठवलं आणि तिथून थेट पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंग स्कूलमध्ये.

वाई सोडून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. आज आपण तिथं स्ट्रॉबेरी खायला आणि टेबललँडवर फोटो काढायला जातो. पण आठ वर्षांच्या पोरासाठी ते ठिकाण म्हणजे आईवडिलांपासून समुद्रापल्याड असलेलं वसतिगृह होतं. झांझिबारला जाणं वरचेवर शक्य नसायचं. मग सुट्ट्या मुंबईतल्या नातेवाइकांकडे काढायच्या.

त्यात अजून एक गोष्ट. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले. बोर्डिंगमधली पोरं असली संधी सोडतात होय? दातांवरून चिडवणं झालं, टोपणनाव पडलं. बोलताना, हसताना तोंडावर हात धरायची सवय त्याला लागली ती आयुष्यभर सुटली नाही. पण याच शाळेत त्याला 'फ्रेडी' हे नावही मिळालं आणि पियानोही.

पोराचे कान तयार आहेत, हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी घरी कळवलं, थोडी जास्तीची फी भरली गेली आणि फ्रेडी रीतसर पियानो शिकायला लागला. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो पियानोवर तसंच्या तसं वाजवायचा, असं त्याचे सवंगडी पुढं सांगत राहिले. १९५८ च्या सुमारास पाच मित्रांनी मिळून एक बँड काढला, 'द हेक्टिक्स'. त्यातला व्हिक्टरी राणा पुढं नेपाळच्या लष्करात मोठा अधिकारी झाला, डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला आणि फारंग इराणी यांनी पुण्यात सिझलर्सचं हॉटेल काढलं. फ्रेडी या बँडमध्ये मुख्य गायकही नव्हता. तो मागं पियानो बडवायचा.

आता ही पोरं वाजवायची काय? तर क्लिफ रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड.

इथं जरा थांबायला पाहिजे, कारण आपल्या विषयाचं मूळ या तिसऱ्या नावात आहे. लिटल रिचर्ड म्हणजे अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक. डोळ्यांत काजळ, चेहऱ्यावर पावडर, केसांचा भलामोठा फुगा आणि पियानोवर तुटून पडायची पद्धत. १९५५ साली त्याचं 'टुटी फ्रुटी' आलं आणि रॉक अँड रोलचं वारं सुटलं. पण हे गाणं तो आधी क्लबांमध्ये म्हणायचा तेव्हा त्याचे शब्द वेगळे होते. ते उघडउघड पुरुषांमधल्या शरीरसंबंधांबद्दलचे होते. रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या गीतकाराकडून शब्द बदलून घेतले, साफसूफ केले आणि मग ते गाणं घरोघरी पोचलं.

म्हणजे बघा, पॉप आणि रॉकचा पायाच असा घातला गेला होता. आतला अर्थ पुसायचा, वरचा ताल ठेवायचा आणि बाजारात सोडायचं. ज्यांना आतलं माहिती आहे ते ओळखणार, बाकीचे नुसते नाचणार. पाचगणीत पियानो बडवणाऱ्या बारा वर्षांच्या फ्रेडीला यातलं काही माहिती असण्याचं कारण नव्हतं. पण पुढं हीच वाट त्याची होणार होती.

कारण तो जिथं जिथं वाढला, तिथं तिथं एकाच कायद्याचं राज्य होतं. झांझिबार ब्रिटिशांच्या ताब्यात. भारत स्वतंत्र झालेला, पण ब्रिटिशांनी लिहिलेलं कलम ३७७ जसंच्या तसं चालू. आणि खुद्द इंग्लंडमध्येही पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं म्हणजे तुरुंगाची वाट. तीन देश आणि तिन्हीकडं हा गुन्हा.

१९६३ मध्ये फ्रेडी पाचगणी सोडून झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांचे जीव गेले. बलसारा कुटुंबानं जमेल तेवढं सामान उचललं आणि इंग्लंड गाठलं. लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये एका लहानशा घरात संसार नव्यानं सुरू झाला.

सतरा वर्षांचा हा पोरगा त्या लंडनमध्ये आता दुहेरी परका होता. एकतर रंगानं आणि नावानं आशियाई. तो काळ आशियाई लोकांना रस्त्यात शिव्या देण्याचा होता, त्यांना परत पाठवा म्हणणाऱ्या भाषणांना टाळ्या पडण्याचा होता. दुसरं परकेपण आतलं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

ईलिंगच्या आर्ट कॉलेजात त्यानं ग्राफिक डिझाईनचं शिक्षण घेतलं. विमानतळावर सामान उचलायचं काम केलं. केन्सिंग्टनच्या बाजारात गाळा घेऊन जुने कपडे विकले. या धंद्यात भागीदार होता रॉजर टेलर, ड्रम वाजवणारा. रॉजर आणि गिटारवाला ब्रायन मे यांचा 'स्माईल' नावाचा बँड होता. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला आणि फ्रेडी आत आला. वर्षभरानं बास गिटारवर जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

आत येताच फ्रेडीनं पहिलं काम केलं ते बँडचं नाव बदलायचं. नवीन नाव, 'क्वीन'. बाकीच्यांना जरा धाकधूक होती. कारण इंग्रजीत क्वीन म्हणजे राणी, हे झालं राजरोस. पण त्या काळच्या बोलीत बायकी वागणाऱ्या गे पुरुषालाही क्वीन म्हणत. फ्रेडीला दोन्ही अर्थ माहिती होते. ज्याला राजघराणं दिसायचंय त्याला राजघराणं दिसेल, ज्याला दुसरं काही दिसायचंय त्याला तेही दिसेल. बँडचं राजेशाही बोधचिन्हही त्यानंच काढलं. याच काळात बलसारा हे आडनाव गेलं आणि मर्क्युरी आलं.

इंग्लंडमधला कायदा मात्र मधल्या काळात थोडा सैल झाला होता. जुलै १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधले संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. पण अटी बघा. दोघांचंही वय २१ च्या वर हवं, जागा खासगी हवी आणि तिथं तिसरं माणूस नको. फ्रेडी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २१ चा झाला. म्हणजे कायद्यानं त्याला दार उघडून दिलं होतं, पण फक्त खोलीचं. घराबाहेर हातात हात घालून फिरणाऱ्या दोन पुरुषांना पोलीस तेव्हाही पकडू शकत होते.

संगीताच्या दुनियेत हवा जरा मोकळी होती. १९७२ साली डेव्हिड बोवीनं एका संगीत साप्ताहिकात आपण गे असल्याचं जाहीर केलं. पुरुष गायक चकचकीत कपडे घालायला लागले, डोळे रंगवायला लागले. फ्रेडीची काळी नेलपॉलिश, घट्ट सॅटिनचे कपडे, पंखांसारख्या बाह्या या सगळ्यात खपून गेलं. १९७४ मध्ये त्यानं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाला हसत हसत आपण गे असल्याचं सांगूनही टाकलं होतं. लोकांनी ते थट्टेवारी नेलं. नटव्या माणसाचं नाटक म्हणून सोडून दिलं. खरं बोलून लपून राहण्याची अशी सोय फक्त स्टेजवरच्या माणसालाच मिळते.

आणि घरी? घरी मेरी ऑस्टिन होती.

मेरी लंडनच्या एका फॅशनच्या दुकानात काम करायची. दोघं अनेक वर्षं एकत्र राहिले, फ्रेडीनं तिला लग्नाचंही विचारलं होतं. 'लव्ह ऑफ माय लाईफ' हे गाणं तिच्यासाठीच लिहिलं असं मानलं जातं. पण १९७६ च्या सुमारास त्यानं तिला समोर बसवून आपलं मन पुरुषांकडंही ओढलं जातं, हे सांगितलं. मेरीच्या ते आधीच लक्षात आलेलं होतं. संसार तिथं संपला, नातं मात्र संपलं नाही. ती शेवटपर्यंत त्याची सगळ्यात जवळची मैत्रीण राहिली.

याच्या थोडं आधी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं होतं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं. त्या काळी रेडिओवर एवढं लांब गाणं लावायला सहसा कुणी धजत नसे. त्यात सुरवातीला संथ गाणं, मध्ये ऑपेरा, शेवटी धडाडणारा रॉक. रेकॉर्ड कंपनीनं हात वर केले. पण केनी एव्हरेट या रेडिओ जॉकीनं ते एका वीकेंडमध्ये कितीतरी वेळा वाजवलं आणि दुकानांपुढं रांगा लागल्या. नऊ आठवडे ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. गंमत म्हणजे हा एव्हरेट स्वतःही गे होता आणि तेव्हा तोही ते लपवून जगत होता.

गाण्यात एक मुलगा आईला सांगतो की माझ्या हातून काहीतरी भयंकर घडलंय आणि आता जुनं आयुष्य संपलं. याचा अर्थ फ्रेडीनं कुणालाच सांगितला नाही. पण नंतर अनेक जाणकारांनी तारखा जुळवल्या आणि म्हटलं, हा तर मनातला जुना माणूस मारून नवा जन्म घेणाऱ्याचा कबुलीजबाब आहे. हे खरं की खोटं, आता कुणीच सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं की जगभरातल्या कितीतरी गे मुलांना ते गाणं आपलं वाटलं. आईला कसं सांगायचं, हा प्रश्न त्यांचाही होता.

१९८० उजाडलं आणि फ्रेडीनं रूप पालटलं. लांब केस गेले, नेलपॉलिश गेली. बारीक कापलेले केस, लेदरचं जॅकेट, घट्ट जीन्स आणि भरघोस मिशी.

बऱ्याच चाहत्यांना, विशेषतः अमेरिकेत, ती मिशी बिलकुल आवडली नाही. काहींनी तर स्टेजवर दाढीचे रेझर फेकले. पण मिशीवर ओरडणाऱ्यांपैकी सगळ्यांनाच तिचा अर्थ कळला होता असं नाही. आपल्याकडं मिशी म्हणजे मर्दानगी. अनेकांना वाटलं, चला, गडी मर्दानी झाला!

खरी गोष्ट उलटीच होती. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात गे पुरुषांनी त्या काळात हाच वेश मुद्दाम घेतला होता. गे म्हणजे नाजूक, बायकी, या जगाच्या समजुतीला त्यांनी मिशी आणि लेदरनं उत्तर दिलं होतं. म्हणजे फ्रेडीनं अंगावर जवळपास पाटीच लावली होती. फरक इतकाच की ती वाचता येणारे थोडे होते. लाखांच्या गर्दीत एखाददुसऱ्या पोराला ती वाचता यायची आणि आपण एकटे नाही, हे त्याला कळायचं.

संगीतातही हेच चाललं होतं. डिस्को आज आपल्याला लग्नाच्या संगीत समारंभातला प्रकार वाटतो. पण तो जन्मला न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या आसपास, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गे लोकांच्या क्लबांमध्ये. जिथं दोन पुरुष एकत्र नाचले तर पोलीस धाड टाकायचे, त्या शहरात रात्रभर निर्धास्त नाचायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. गाणी त्यासाठी लांबवली गेली, ताल अखंड ठेवला गेला. नाच थांबला की बाहेरचं जग परत सुरू होणार, हे सगळ्यांना माहिती होतं.

याच डिस्कोवर अमेरिकेतल्या रॉकवाल्या पोरांचा भयंकर राग होता. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड गोळा करून सुरुंग लावून उडवल्या गेल्या. हजारो लोक मैदानात घुसले, राडा झाला. वरवर भांडण संगीताचं होतं. पण ते संगीत ज्यांचं होतं, त्यांच्यावरचा राग त्यात किती होता, याची चर्चा आजही होते.

आणि वर्षभरानं क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिहिलं होतं जॉन डीकननं, ठेका मात्र उघडउघड त्याच क्लबांमधला. ज्या पोरांनी रेकॉर्ड फोडल्या, तीच पोरं आता त्याच तालावर मान डोलवत होती. पण याच वाटेनं १९८२ मध्ये क्वीननं 'हॉट स्पेस' हा अख्खा नाचाचा अल्बम काढला तेव्हा रॉकवाल्यांनी नाकं मुरडली.

१९८४ मध्ये तर कहरच झाला. 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' च्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले. फ्रेडी मिशीसकट, स्कर्ट घालून, व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय! इंग्लंडमधल्या एका लोकप्रिय मालिकेची ती टिंगल होती. गाणं डीकनचं आणि वेषांतराची कल्पनाही फ्रेडीची नव्हती. इंग्लंडमध्ये लोक पोट धरून हसले. अमेरिकेत मात्र हा व्हिडिओ फार कमी दाखवला गेला आणि बँडची तिथली लोकप्रियता उतरत गेली. बिल फाडलं गेलं ते फ्रेडीच्या नावानं. मजा बघा, दक्षिण अमेरिकेत तेच गाणं लोकांनी हुकूमशाहीविरुद्धचं गाणं म्हणून उचलून धरलं. सुटकेचं गाणं एकदा बाहेर पडलं की ज्याला त्याला आपापली बेडी दिसते.

या प्रवासात त्याच्या नावावर एक डागही आहे. त्याच १९८४ मध्ये क्वीननं दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीवर कलाकारांचा बहिष्कार चालू असताना हे झालं आणि त्यावर सडकून टीका झाली. स्वतः आशियाई, त्यातून गे असलेल्या माणसानं तिथं गाणं अनेकांना आजही खटकतं.

मग आला १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळासाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये 'लाइव्ह एड' झालं. समोर ७२ हजार लोक, टीव्हीवर शंभराहून जास्त देश. क्वीनच्या वाट्याला आली वीस-एकवीस मिनिटं. पांढरा बनियन, जीन्स, हातात अर्धा माइकचा दांडा. फ्रेडीनं एक हात वर केला की हजारो हात वर. त्यानं नुसता सूर लावला की तोच सूर स्टेडियम परत देणार. आजही कित्येक लोक त्या वीस मिनिटांना रॉकच्या इतिहासातला सर्वात भारी कार्यक्रम मानतात.

त्याच वर्षी त्याला जिम हटन भेटला. आयर्लंडचा, पेशानं न्हावी, फ्रेडी मर्क्युरी कोण याच्याशी फारसं देणंघेणं नसलेला साधा माणूस. पुढं तो फ्रेडीच्या केन्सिंग्टनमधल्या 'गार्डन लॉज' या घरी राहायला आला. दोघांच्या बोटात अंगठ्या होत्या. बाहेरच्यांसाठी मात्र जिम त्या घरचा माळी होता.

पण त्याआधीच एक संकट येऊन ठेपलं होतं. १९८१ पासून अमेरिकेत तरुण गे पुरुष एका अनोळखी आजारानं मरायला लागले होते. पुढं त्याला एड्स हे नाव मिळालं. वृत्तपत्रांनी त्याला गे लोकांचा रोग ठरवून टाकलं, कुणी कुणी तर देवानं दिलेली शिक्षा म्हटलं. १९८७ मध्ये ब्रिटिश सरकारनं देशातल्या घराघरांत एड्सची माहितीपत्रकं पाठवली. त्याच वर्षी फ्रेडीला आपल्यालाही लागण झाल्याचं कळलं. त्याच वर्षी एका जुन्या सहकाऱ्यानं त्याच्या खासगी आयुष्याची कहाणी एका टॅब्लॉइडला विकली. आणि १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा आला की स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार होईल असं काही करायचं नाही. शाळेतले शिक्षक या विषयावर बोलायला घाबरायला लागले.

आता सांगा, अशा वेळी हा माणूस काय बोलणार होता?

तो गप्प राहिला आणि कामाला लागला. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्यासोबत 'बार्सिलोना' केलं. अंगात त्राण नसताना स्टुडिओत जाऊन गात राहिला. मे १९९१ मध्ये चित्रित झालेल्या शेवटच्या व्हिडिओत तो इतका खंगलेला आहे की बघवत नाही. चित्रीकरण कृष्णधवल ठेवलं, मेकअप भरपूर केला. बाहेर फोटोग्राफर फाटकाशी दिवसरात्र बसलेले.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याच्या वतीनं पत्रक निघालं की फ्रेडीला एड्स आहे. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला तो गेला. वय ४५. अंत्यसंस्कार लंडनमध्ये झाले, पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. झांझिबारहून पाचगणीला आणि पाचगणीहून लंडनला आलेला फारोख बलसारा आपल्या आईवडिलांच्या धर्मात निरोप घेऊन गेला. आणखी पाच वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, एकत्रित औषधांचे उपचार आले आणि एड्सचे रुग्ण जगायला लागले.

घर आणि संपत्तीचा मोठा वाटा मेरीला मिळाला. जिमसाठीही त्यानं पैसे ठेवले होते. पण कायद्याच्या नजरेत जिम त्याचा कुणीच नव्हता. ब्रिटनमध्ये अशा जोडप्यांना कायदेशीर नातं मिळायला २००५ उजाडावं लागलं. शेवटच्या दिवसांत ज्यानं सेवा केली, तो काही महिन्यांतच त्या घरातून बाहेर पडला आणि पुढं आयर्लंडला परतला.

एप्रिल १९९२ मध्ये त्याच वेम्बलीवर फ्रेडीच्या आठवणीत कार्यक्रम झाला, एड्सच्या कामासाठी निधी उभा राहिला. जॉर्ज मायकेलनं त्या दिवशी असं काही गायलं की लोक अवाक झाले. त्याचं कारण पुढं कळलं. तो स्वतः गे होता, त्याच्या जोडीदारालाही हाच आजार झालेला होता आणि हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. त्यानं ते जाहीर केलं १९९८ मध्ये. त्याच स्टेजवर एल्टन जॉनच्या बरोबरीनं ॲक्सल रोझ गायला. हा तोच रोझ, ज्याच्यावर काही वर्षांपूर्वी गाण्यात गे लोकांना शिवी घातल्याबद्दल टीकेची झोड उठली होती.

फ्रेडीनं आधी बोलायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं म्हणणं चूक नाही. इतक्या मोठ्या माणसानं चार वर्षं आधी तोंड उघडलं असतं तर कितीतरी आजारी पोरांना बळ मिळालं असतं. पण बोलायचं की नाही, हे ज्याच्या फाटकाशी कॅमेरे बसलेत त्यानं ठरवायचं असतं. आणि तो अगदीच गप्प होता, असं तरी कुठं आहे? बँडच्या नावात होतं, मिशीत होतं, ठेक्यात होतं. ऐकणाऱ्यांनीच कानावर हात ठेवले होते.

शेवटी त्या तीन ठिकाणांचं काय झालं ते बघू.

इंग्लंडमध्ये आज समलैंगिक जोडप्यांना लग्न करता येतं. भारतात सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले, ते ६ सप्टेंबर २०१८ ला. फ्रेडीच्या बहात्तराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी. लग्नाचा हक्क मात्र इथं अजून नाही. त्याच वर्षी त्याच्यावरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा सिनेमा आला आणि पुढं त्याला चार ऑस्कर मिळाले. आणि झांझिबारमध्ये हा आजही गुन्हा आहे. २००४ मध्ये तिथला कायदा आणखी कडक केला गेला. २००६ मध्ये फ्रेडीच्या साठाव्या जयंतीचा कार्यक्रम ठरला होता, तो एका धार्मिक संघटनेच्या विरोधामुळं रद्द करावा लागला.

जन्मगावात त्याच्या नावानं केक कापायची चोरी. आणि जगात कुठंही कुणी जिंकलं की वाजतं त्याचंच गाणं.

पुढच्या वेळी मॅच संपल्यावर ते लागेल तेव्हा आजूबाजूला बघा. ओरडणाऱ्या त्या गर्दीत एखादा असा असेल, ज्यानं आपल्या मनातली गोष्ट अजून घरी सांगितलेली नाही. तेवढी तीन मिनिटं तरी तो सगळ्यांच्या बरोबरीनं, सगळ्यांच्या आवाजात, मान वर करून गात असतो.